शेवटच्या पानाची जोड

पान तुम्हीच कापायला लावलंत, अध्यक्षसाहेब. आता ‘बाइंडरच्या हलगर्जीपणामुळे पुस्तक खराब झाले’ अशी नोटीस फळ्यावर डकवून हात झटकू नका. जोडीचं पान सुटेल, असं मी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं.

“तुम्ही कापा हो,” तुम्ही म्हणालात. “पुस्तकं शिवता म्हणजे त्यातलं कळतं, असं समजू नका.”

कळतं, साहेब. सातवीत शाळा सुटली, पण या वाचनालयाच्या मागच्या खोलीत एकतीस वर्षं मी पुस्तकं शिवतोय, आणि शिवण्याआधी वाचतोय. तुमच्या समितीतले किती जण वाचतात?

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चार कोरी पानं शिवायची आणि वाचकानं त्यावर आपलं मत लिहायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. ती स्वीडनची पोलीस-कादंबरी आली आणि लोकांच्या उड्या पडल्या. मतंही झकास होती. ‘बर्फ फार. वाचून सर्दी झाली.’ ‘नावं लक्षात राहत नाहीत, शेजारी कागद घेऊन बसावे.’ ‘इन्स्पेक्टरला बायकोने सोडले ते योग्यच केले.’ एकानं लिहिलं, ‘शंभराव्या पानावर मी खुनी ओळखला.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात एकच शब्द होता: ‘थापा.’ यातलं एकही मत तुम्हाला खुपलं नाही.

खुपलं ते मावशीचं.

मावशी म्हणजे इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी-कपडे धुणारी बाई. पाळी सुटली की दुपारी येते. हातांना ब्लीचचा वास येतो म्हणून वाचनकक्षात बसत नाही, माझ्या टेबलाशी बसते. ही कादंबरी तिनं अकरा दिवस वाचली. मध्येच एकदा थांबली.

“दादा, त्या मेलेल्या बाईचा हातमोजा उलटा होता, तेवढ्यावरून हा एवढा शोध घेतो?”

“कादंबरी आहे मावशी. कादंबरीत घेतात.”

“असेल. पण शोध घ्यावा असं कुणाच्या तरी डोक्यात आलं ना?”

मागची तीन पानं भरली होती. उरलं होतं ते अगदी शेवटचं. त्यावर तिनं तीन दुपारी बसून, शिसपेन्सिलीनं, खोडत खोडत लिहिलं. मला तोंडपाठ आहे, कारण ती मध्ये मध्ये मलाच विचारत होती, ‘हे बरोबर लिहिलंय का रे?’

‘पुस्तक आवडले. यातला इन्स्पेक्टर एका उलट्या मोज्याचा बेचाळीस पाने विचार करतो. ती बाई त्याची कोणी नाही. माझी धाकटी बहीण कारखान्यातून घरी आली नाही. कालव्यात सापडली. तिच्या अंगात स्वेटर उलटा होता. मी दिवसभर कपडे उलटेसुलटे करते, मला दिसले. चौकीत सांगितले. साहेब म्हणाले, घाईत घातला असेल. ती घाईत घालणारी नव्हती. घरातून निघताना सुलटा होता, बटणे मीच लावली होती, काजे घट्ट होती. हे त्यांनी लिहून घेतले नाही. पाय घसरला असे लिहिले. नऊ वर्षे झाली. पुस्तक चांगले आहे. असा पोलीस खरोखर असतो का, ते माहीत असणाऱ्याने खाली लिहावे.’

तुम्ही म्हणालात, “हा अभिप्राय नाही, ही तक्रार आहे. पोलिसांबद्दल असलं काही आपल्या पुस्तकात नको. पुस्तकाबद्दल एक ओळ तरी आहे का यात?”

पहिलीच ओळ काय होती, साहेब?

आता माझी बाजूही ऐका. या प्रतीचं कादंबरीतलं शेवटचं पान, जिथं खुनी कळतो ते, आधीच सुटून आलेलं होतं. सुटं पान नुसतं चिकटवलं तर महिनाभरात गळतं. म्हणून त्याला मी कोऱ्या पानाची जोड दिली, दोन्हींच्या मधून दोरा घातला आणि बाकीची कोरी पानं त्यांच्या पोटात ठेवून शिवली. जोडीतलं एक कापलं की दुसऱ्याला धरायला कोणी नाही. ते कापायचं कोरं पान म्हणजे मावशीचं. हे सगळं मी सांगितलं. तुम्ही घड्याळ बघितलंत. मी मान खाली घालून ब्लेड चालवलं. त्याची लाज माझी मी बघेन.

त्यानंतर तिसऱ्याच वाचकाच्या घरी खुन्याचं पान गळून हरवलं, आणि मग काय आकांत! एक निवृत्त मास्तर ग्रंथपालबाईंच्या टेबलावर पुस्तक आपटून ओरडले, “चारशे पानं वाचून घेतलीत, आता खुनी कोण ते सांगा! हा वाचकाचा हक्क आहे!” एका बाईंनी लेखी अर्ज दिला: ‘अशा अनिश्चिततेत माणसाने झोपायचे कसे?’ तुम्ही धावाधाव करून दुसऱ्या वाचनालयातून त्या पानाची झेरॉक्स मागवलीत. दोन दिवसांत खुनी जागेवर.

दोन दिवसांत! खोट्या बाईचा खुनी!

काल मावशी आली. कुणी खाली काही लिहिलंय का ते बघायला तिनं पुस्तक मागून उघडलं. पान नव्हतं. कापलेल्या कडेवरून तिनं बोट फिरवलं. मी काहीतरी बोलायला गेलो.

“असू दे,” ती म्हणाली. “तू कापलंस होय? सरळ कापलंयस.”

“मीच,” मी म्हटलं.

मग ती म्हणाली, “कापायच्या आधी वाचलं का रे कुणी?”

“मी वाचलं ना मावशी.”

“तू तर माझ्यासमोरच वाचलंस. कापायला सांगणाऱ्यांनी?”

मी म्हटलं, विचारून सांगतो. ती आजही आली आहे. नवीन पुस्तक घेतलेलं नाही, नुसती बसली आहे. समितीत तुम्ही सात जण आहात. तुमच्यातल्या एकानं तरी ते पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं का? हो की नाही, एवढंच सांगा. बाई बाहेर बसली आहे, साहेब. मी तिला काय सांगू?