सात दुकानांचा एक साचा

काताऱ्याची बायको वारली तेव्हा गल्ली तीन दिवस बंद राहिली. चौथ्या दिवशी दुकानं उघडली आणि साचा हरवल्याचं कळलं.

साचा म्हणजे हातभर लोखंडी पट्टी, चार भोकांची. खुर्चीच्या बैठकीवर ठेवायची आणि त्या भोकांतून गिरमिट चालवायचं. गल्लीत सात दुकानं, सगळी खुर्च्यांचीच. कुणी खुर्चीचे लाकडी पाय चरकावर कातायचं, कुणी बैठका कापायचं, कुणी पॉलिश मारायचं. साचा मात्र एकच, नळाशेजारी खिळ्याला टांगलेला. लागेल त्याने न्यावा, काम झालं की परत टांगावा. विचारणं नाही, सांगणं नाही. म्हणून कुणाचाही पाय कुणाच्याही बैठकीत चपखल बसायचा आणि महिन्याला तीनशे खुर्च्या बाहेर पडायच्या.

घर खायला उठतं म्हणून कातारीही आला होता. पाय कातणारा, गल्लीत सर्वांत वयस्कर. तो म्हणाला, "बाहेरच्याला त्या पट्टीचा काय उपयोग? आपल्यातलाच कुणीतरी असणार." बोलता बोलता त्याची नजर पॉलिशवाल्यावर गेली. गल्लीत नवा तोच, वर्षभरापूर्वी आलेला.

"काका, माझ्याकडे का बघता? मी काय पट्टीने पॉलिश मारतो?"

कुणी हसलं नाही.

मग प्रत्येकाने आठवणीने आपापला साचा केला आणि कुलपात ठेवला. कुणाचा सूतभर इकडे, कुणाचा सूतभर तिकडे. खुर्च्या डुगडुगू लागल्या. "तुझे पाय वाकडे." "तुझी बैठक वाकडी, आणि तूही." एकेक नग तपासायचा, भांडायचं, परत पाठवायचा. गिऱ्हाइकांनी तोंडं फिरवली. महिन्याला शंभर खुर्च्या निघेनात. पॉलिशवाल्याकडे तर कुणी माल टाकेना.

दोन महिन्यांनी काताऱ्याची मुलगी घर आवरायला आली. बायको दुकानात खुर्च्यांचे पाय घासायला जायची, तिची कामाची पिशवी घराच्या दारामागे तशीच लटकत होती. मुलीने ती उपडी केली. कंगवा, चष्मा आणि फडक्यात गुंडाळलेला साचा, तेल लावून लख्ख केलेला.

काताऱ्याला आठवलं. त्या शेवटच्या संध्याकाळी बायको म्हणाली होती, "पट्टीला गंज चढलाय, घरी नेते." लाकडावरची नजर न काढता तो "हं" म्हणाला होता.

"बाबा, आत्ताच जाऊन सांगा."

"काय सांगू? चोर सोडून संन्याशाला सुळी दिली म्हणून? लोक तुझ्या आईचं नाव घेतील."

"आणि पॉलिशवाल्याचं घेतात ते?"

तीन दिवस काताऱ्याने साचा पिशवीतच ठेवला. नळावर कुणी दोघं बोलताना दिसले, की आपल्याबद्दलच बोलतात असं वाटायचं. चौथ्या दिवशी त्याने सगळ्यांना बोलावलं आणि घडलं तसं सांगितलं.

बैठकवाल्याने साचा उलटापालटा केला. "दोन महिने घरात होता होय?"

"तिने तेल लावायला नेला होता रे."

"असेल," बैठकवाला म्हणाला.

चाळीस वर्षांत काताऱ्याच्या बोलण्यावर गल्लीत कुणी "असेल" म्हटलं नव्हतं. बैठकवाल्याने टेप काढली आणि भोकांमधलं अंतर मोजून पाहिलं. ते बरोबर होतं. तरीही कुणी आपलं कुलूप काढलं नाही.

पॉलिशवाल्याचं दुकान बंद होतं. तो परवाच सामान घेऊन मेव्हण्याकडे गेला, असं शेजाऱ्याने सांगितलं. ते गाव बसने दीड तासावर आहे. कातारी अजून तिथे गेलेला नाही.