सुयांवरचं पाणी

रमजानात मकसूदचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डावा हात तेवढा मनगटातून वर व्हायचा. बावीस वर्षं लेकरासारखं वाढवलेलं त्याचं पाइनचं बोन्साय खिडकीबाहेर पडवीत होतं, आणि खाटेवरून त्याला दिसायला तेवढंच उरलं होतं. आता तेही सुकायला लागलं. त्याच्या बायकोला, जहुराला, एकच धास्ती बसली, हे झाड गेलं तर हा माणूस उठायची उमेदच सोडेल.

कसूर तिची म्हणाल तर रत्तीभर नव्हती! रोज सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन ती झाडाला डोक्यावरून न्हाऊ घालायची. खाटेवर मकसूदचा हात वर व्हायचा. "आणखी? घालते हो, घालते," म्हणत ती दुसरा तांब्या ओतायची. नवरा खूश म्हणून तीही खूश. तरी पानांच्या हिरव्या सुया तांबूस होऊन गळत चालल्या.

शेवटी तिने दयारामला बोलावलं. श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या सांभाळण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याने एक सुई उपटून उजेडात धरली. बुडाशी हिरवी, मध्ये तांबडा पट्टा, पट्ट्यात काळे ठिपके, आणि वरचं टोक मेलेलं.

"खाऱ्या वाऱ्याने जळलंय ना, भाऊ?"

"न्हाय, भाभी. वाऱ्यानं पट्टे पडत न्हायत. ही बुरशी हाय, ओल्या सुयांवर वाढते. पाणी कसं घालता?"

जहुराने मोठ्या कौतुकाने तांब्या भरून आणला आणि झाडावर धरला. आत मकसूदचा हात वर झाला आणि वरच राहिला.

दयारामने खिडकीतून पाहिलं. त्याचा आवाज उतरला. "भाभी, ते नको म्हणतायत."

तिच्या हातातला तांब्या खाली आला. आठ महिने! रोज दोनदा हा माणूस नको नको म्हणत होता, आणि ती हसून ओतत होती. "या अल्ला, मीच मारलं की हो झाडाला," म्हणत ती तिथेच पायरीवर बसून रडली.

दयारामने तिला रडू दिलं. मग आजारी सुया एकेक खुडून कागदात घेतल्या आणि चुलीत घालायला सांगितल्या. सुपारीला बुरशीवर मारतात तेच मोरचूद-चुन्याचं पाणी पातळ करून फवारलं. कुंडी वाऱ्यात, उन्हात सरकवली. "आता पाणी फक्त मातीला, तेही माती सुकल्यावर. कोंब जिते हायत. फाल्गुनात नवे फुटले तर वाचलं म्हणा."

तो गेल्यावर ती खाटेशी येऊन बसली. मकसूदकडे बघायचीही तिला लाज वाटत होती.

"आणखी काय काय नको होतं तुम्हांला? आज सांगून टाका. दुपारची पेज?"

हात वर झाला.

"हा पंखा?"

हात वर झाला.

"माणसं आली की तुमच्या आजाराचं गाऱ्हाणं तुमच्यासमोर सांगते, ते?"

हात झटकन वर झाला. तिने पदराने डोळे पुसले.

"आणि मी दिवसभर इथे बसून बडबडते, ते?"

हात चादरीवर पडून राहिला. तिचा विश्वास बसेना. तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मकसूद तिच्याकडे बघत होता, आणि हात हलला नाही.