दोनशे एकोणिसाव्या पानावरची कुबडी

माझ्या पुस्तकांची प्रुफं ताई वाचते. छापखान्यात तिची वीस वर्षं ह्याच कामात गेली. तिच्या नजरेतून स्वल्पविरामसुद्धा सुटत नाही. मला ती लेखक वगैरे मानत नाही, चुका करणारा माणूस मानते.

माझ्या कादंबऱ्या जादूच्या. उडती बेटं, बोलणारे दगड, असला सगळा मसाला. नायिका मात्र कुबडी घेऊन चालणारी, नकाशे काढणारी एक बाई. मुलं तिला नकाशेवाली म्हणतात आणि तिच्यावर जीव टाकतात. ती कुठून आली हे सांगायला ज्योतिषी नको. ताईचा डावा पाय लहानपणापासून अधू आहे. ओल्या फरशीवर कुबडी कशी टेकायची, जिना उतरताना आधी काय खाली ठेवायचं, संध्याकाळी काख कशी हुळहुळते, सगळं तिनेच सांगितलेलं. मी कुठे चुकलो तर समासात लिहायची, 'अशाने ती पडेल.'

पाचव्या पुस्तकात मी नकाशेवालीला बरं करून टाकलं. ती एका झऱ्यात पाय बुडवते आणि कुबडी फेकून डोंगरउतारावरून धावत सुटते. मुलांना हेच हवंय, असं प्रकाशक म्हणाले होते. पण त्यांच्या माथी खापर फोडण्यात अर्थ नाही. ते पान लिहिताना मी ढसाढसा रडलो होतो आणि स्वतःवर भलताच खूश झालो होतो.

प्रुफं निघाली तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. घाई आहे, या वेळी ताईला त्रास नको, असं मी प्रकाशकांना सांगून पाहिलं. पण ती नोकरी करते त्याच छापखान्यात पुस्तक छापलं जाणार होतं. गठ्ठा आपसूक तिच्या टेबलावर गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, येऊन जा म्हणाली.

मी गेलो. अर्धा तास तिने मला नुसते ऱ्हस्व-दीर्घ दाखवले. मी मुकाट्याने मान हलवत होतो. हिने ते पान वाचलंच नसेल, अशी वेडी आशाही मला वाटू लागली होती. मग तिने गठ्ठ्यातून दोन पानं काढून माझ्यासमोर ठेवली.

"दोनशे बाराव्या पानावर हिचा पाय बरा झाला," ती म्हणाली. "मग दोनशे एकोणिसाव्यावर कुबडी कशी वाजते?"

मी वाचलं. 'पायऱ्यांवर तिच्या कुबडीचा आवाज आला आणि सगळे उठून उभे राहिले.' हात सवयीने लिहून गेला होता.

"दोन्हीतलं एक काढावं लागेल," ताई म्हणाली. "कुठलं काढू?"

स्वल्पविरामाबद्दल विचारावं तसं तिने विचारलं. यंत्रावरचा माणूस पानं न्यायला दारात उभा होता. झरा काढ, एवढंच मला म्हणायचं होतं. एक प्रकरण पुन्हा लिहावं लागलं असतं, प्रकाशकांनी कुरकुर केली असती, बस. आभाळ कोसळणार नव्हतं. पण मला ते पान सोडवेना. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला ताईपेक्षा माझं धावणारं पान जास्त प्रिय होतं.

"कुबडी काढ," मी म्हणालो.

तिने 'कुबडीचा' शब्दावर सरळ रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'पावलांचा'. मग पुढची पानं चाळली. आणखी दोन ठिकाणी कुबडी राहिली होती, तीही खोडली. मी ठोंब्यासारखा बघत बसलो. मग न राहवून म्हणालो, "ताई, मला वाटलं, निदान गोष्टीत तरी तुला..."

"मी मागितलं होतं का?"

तिने गठ्ठा नीट लावून त्या माणसाच्या हातात दिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी पुढच्या भागाचा विषय काढला, तो लवकर लिहून देईन म्हणालो.

"तो दुसऱ्या कुणाला दे वाचायला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तिची चाल मला माहीत होती, म्हणून तुझ्या चुका सापडायच्या. आता ती कशी चालते, मला काय माहीत?"

आणि तिने पाण्याच्या पंपांचं एक माहितीपत्रक पुढ्यात ओढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.