न हललेली टाचणी

मित्रांनो, कपाटामागे गुंडाळून उभा केलेला हा राज्याचा जुना नकाशा म्हणजे मीच. गाऱ्हाणी सांगणे माझ्या स्वभावात नाही. पण आज राहवत नाही.

छापखान्यातून आलो तेव्हा मी कोरा करकरीत होतो. पक्षाच्या कचेरीत चिटणीसांच्या खुर्चीमागे मला मानाची जागा मिळाली. दर निवडणुकीनंतर ते स्वतः माझ्या अंगावर टाचण्या लावत. जिंकलेल्या भागात पिवळी, हरलेल्या भागात काळी. किनाऱ्याचे लोक भारी लहरी. दर खेपेला रंग बदलत. टोचून टोचून माझ्या त्या बाजूची चाळणी झाली. कारखान्यांचा पट्टा हळूहळू हातचा गेला. डोंगराळ भागातली पिवळी टाचणी मात्र सहा निवडणुका जागची हलली नाही. मला तिचा केवढा अभिमान होता! पाहुण्यांना ती दाखवून चिटणीस म्हणत, "इथं आपल्याला बघावंच लागत नाही."

आणि खरेच, कुणी बघितले नाही.

डोंगरातून एक सुईण यायची. पक्षाची जुनी कार्यकर्ती. तिचे मागणे एकच, नदीवर पूल. पाणी चढले की अडलेल्या बाईला पलीकडच्या दवाखान्यात नेता येत नसे.

"ताई, तुमचं काम म्हणजे घरचं काम," चिटणीस म्हणायचे. "पण यंदा पूल किनाऱ्याला द्यावा लागतोय. ती माणसं रुसलीत."

"आम्ही रुसत नाही म्हणून थांबायचं का, दादा?"

ते हसून चहा मागवत. किनाऱ्याला असे तीन पूल झाले.

सातव्या निवडणुकीआधी ती आली, पण बसली नाही. तिची सून नदीच्या अलीकडच्या काठावरच बाळंतपणात गेली होती. बाळही गेले. तिने सरळ माझ्या अंगावरची ती टाचणी उपटली. गंजून रुतलेली टाचणी माझा तुकडा घेऊनच निघाली.

"आता आम्हालाही रुसलेल्यांत धरा," ती म्हणाली आणि टाचणी टेबलावर ठेवून निघून गेली.

निकाल लागला. डोंगर फिरला होता. "दगाबाज," चिटणीस म्हणाले. आधी त्या लोकांना, मग मला. "या नकाशानंच झोपवलं आपल्याला." ज्या हातांचे टोचणे मी जन्मभर मुकाट्याने सोसले, त्याच हातांनी मला उतरवले. माझे काळीज तुटले.

परवा नव्या नकाशासमोर ते सांगत होते, "डोंगरातली माणसं रुसलीत. तिथला पूल आधी घ्या."

मित्रांनो, जो रुसत नाही, त्याच्या दारी आधी जा. त्या सुनेच्या हयातीत एवढे कुणी केले असते, तर मी आनंदाने रद्दीत गेलो असतो.