अस्तर लावलेली खोळ

मित्रांनो, मी एक जुनी खोळ आहे. खोळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे उशी येईल, पण मी उशीची नव्हे, मासेमारीच्या जाळ्याची. जाळ्याच्या शेपटाशी लांबट पिशवी असते आणि ओढून आणलेली सगळी मासळी तिच्यात साठते, ती पिशवी म्हणजे मी. मला मान नाही ते एक बरं आहे, नाहीतर ही गोष्ट सांगताना ती वर झाली नसती.

आमचा समुद्र एकच, पण त्याच्या काठावर देश मात्र अनेक. मासे अंडी घालतात पलीकडच्या उथळ पाण्यात आणि मोठे होतात आमच्या बाजूला. त्यांना सरहद्द कोण शिकवणार? माणसांना मात्र ती चांगली पाठ होती. आपण सोडली तर मासळी पलीकडचे नेतील, असं आमचे म्हणायचे आणि पलीकडचेही नेमकं तेच म्हणायचे. दोघांनी मिळून समुद्र खरवडून काढला. शेवटी जाळ्यांत बोटाएवढी पिल्लंच येऊ लागली, तेव्हा सगळे देश एका टेबलाशी बसले. भांडले, उठून गेले, पुन्हा येऊन बसले आणि एकदाचा करार झाला. खोळीचं प्रत्येक भोक इतकं मोठं ठेवायचं की पिल्लू अलगद बाहेर निसटावं. कुणाचा कुणावर संशय नको म्हणून तपासणीला माणसं दोन, एक या काठाचं आणि एक त्या काठाचं. दोघांनीही प्रत्येक खोळीत हात घालून बघायचं.

आमच्या काठानं आत्याला नेमलं. ती जाळी विणायची. खरी आत्या ती एकाच माणसाची, पण सगळा धक्का तिला आत्याच म्हणायचा. करारानंतरची पहिली खोळ तिनं विणली, ती मीच. मला बैठकीत नेलं, हातोहात फिरवलं, माझी भोकं मोजली आणि खोळ असावी तर अशी, असं सगळ्या देशांनी मान्य केलं. पलीकडच्या काठानं तपासणीला नेमलेल्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानं तर मला उजेडात धरून आत्यापुढे हात जोडले. त्याला आमच्या भाषेतले चारच शब्द यायचे आणि त्यातल्या दोन शिव्या होत्या. उरलेल्या दोन शब्दांत त्याची नि आत्याची मैत्री झाली. मी तर तेव्हा हवेतच होते.

पुढची काही वर्षं सोन्यासारखी गेली. मी आत्याच्या भाच्याच्या बोटीवर होते. पिल्लं माझ्यातून सुळकन निघून जायची आणि मोठी होऊन भेटायची. दोन्ही काठांवरची कुरकुर थांबली. बोटी एकमेकींजवळून जाताना माणसं हात हलवू लागली.

मग एक हंगाम मंदा गेला. मासळीचं असं होतंच, कधी भरती तर कधी ओहोटी. पण भाच्याला दम निघेना. जग काय आपल्यासारखं वेडं आहे का, असं खलाशांना म्हणत त्यानं बारीक भोकांचं एक जाळं आणलं आणि माझ्या आतून अस्तरासारखं शिवून टाकलं. बाहेरून मी होते तशीच, कराराबरहुकूम. आत मात्र पिल्लांना वाट उरली नव्हती. ती माझ्या पोटात चिरडून मरायची आणि विकायच्याही लायकीची नसायची म्हणून फावड्यानं पाण्यात लोटली जायची. जिचं जगभर कौतुक झालं ती ही खोळ. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय!

तपासणीच्या दिवशी आत्या आणि टोपीवाला आमच्या बोटीवर चढले. रिवाजाप्रमाणे आधी आत्यानं हात घातला. तिची बोटं अस्तरावर थांबली. मला तिनंच जन्म दिलेला, तिला कळायला कितीसा वेळ लागणार? समोर भाचा उभा होता, पांढराफटक पडलेला. आईवेगळं पोर तिनंच वाढवलेलं. बोट जप्त झाली तर तो उघड्यावर येणार होता. तिनं हात बाहेर काढला आणि म्हणाली, "बरोबर आहे."

टोपीवाल्यानं बाही वर सारली होती. ती त्यानं पुन्हा खाली केली.

"तुमचा हात, माझा हात," एव्हाना आमची भाषा थोडी शिकलेला तो तोडकंमोडकं म्हणाला आणि हसून पुढच्या बोटीकडे गेला.

मित्रांनो, मला शिव्या दिल्या असत्या, जाळून टाकलं असतं, तरी इतकं लागलं नसतं. त्या संध्याकाळी आत्यानं चाकूनं अस्तर टराटरा उसवलं. भाचा दारात उभा राहून माफी मागत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. झाकली मूठ आहे तर राहू दे, असं तिनं स्वतःला समजावलं असावं.

ती झाकलेली राहिली नाही. पुढच्या हंगामात पलीकडे मासळी घटली आणि तिथले लोक खवळले. आमच्या काठावर लबाडी चालते, करार मोडा, असा त्यांच्या सभेत गलका झाला. तेव्हा टोपीवाला उठला. त्यांच्या खोळींत मी स्वतः हात घातलाय, असं त्यानं भर सभेत छातीठोक सांगितलं आणि सभा गप्प झाली. एका बोटवाल्यानं ही हकीकत आत्याला कौतुकानं सांगितली. त्या रात्री ती जेवली नाही.

सकाळी तिनं भाच्याला सोबत घेतलं आणि मला नि त्या अस्तराला घेऊन पलीकडे गेली. त्यांच्या सभेत तिनं आम्हा दोघांना टेबलावर ठेवलं आणि दुभाष्याला म्हणाली, "सांग यांना. हे आत शिवलेलं होतं आणि मला माहीत होतं. टोपीवाल्यांनी हात घातला नाही, कारण मी बरोबर आहे म्हटलं होतं."

सगळे तिच्याकडे नाही, टोपीवाल्याकडे वळले. लबाडाकडे बघावं तसं त्याचीच माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडेच बघत राहिला. मला तिथून उचलून कुणीतरी पायाखाली घालावं, असं वाटत होतं.

भाच्याची बोट वर्षभर धक्क्याला बांधली गेली. आत्यानं आपणहून कबूल केलं म्हणून करार मात्र टिकला. आता पिल्लं पुन्हा निसटतात, मोठीही होतात. समुद्रानं आमचा गुन्हा पोटात घातला, त्याचं पोट मोठं. पण मित्रांनो, सगळ्यांच्या मालकीची गोष्ट नुसत्या नियमांवर जगत नाही. दुसऱ्यानं तुमच्या भरवशावर बाही खाली केली, तर त्या भरवशाला समुद्रापेक्षा जपा.

तपासणी अजून होते आणि माणसंही तीच दोघं येतात. आत्या हात घालते, बरोबर आहे म्हणते. मग टोपीवाला बाही सारतो आणि माझ्यात खांद्यापर्यंत हात घालून एकेक भोक चाचपतो. ते नियमाला धरूनच आहे. तेवढा वेळ आत्या समुद्राकडे बघत उभी राहते.