पिशवीतले वीस

झमकूबाईंनी हाउजीची मखमली पिशवी दोन्ही हातांनी ताक घुसळावं तशी घुसळली आणि सुनेपुढे धरली.

"काढ."

विधीने हात घातला. चार नंबरची लाकडी सोंगटी निघाली.

"चार अधिक तीन, सात," ती फोनकडे पाहत म्हणाली.

"तेरा लागतात गं!" स्पीकरवरून हेमांगी हळहळली. "घसरली तुझी वाटाडी. मघाशी दोन, आता चार. एका हातावर लटकलीये बघ."

हेमांगी विधीची धुळ्याची कॉलेजातली मैत्रीण. दर रविवारी दुपारी ती फोनवर गोष्ट रचायची, गोष्टीतल्या माणसाने काय करायचं ते विधी ठरवायची आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवायचा. सध्या गोष्टीतली विधीची बाई, लोकांना वाट दाखवणारी वाटाडी, एक किल्ला चढत होती. तो किल्ला हुबेहूब सोनगीरच्या किल्ल्यासारखा होता, कारण हेमांगीने दुसरा पाहिलेलाच नव्हता.

फासा कसा टाकायचा ते हेमांगी लिहून पाठवायची: १डी२०+३. झमकूबाईंनी ते पहिल्याच रविवारी समजून घेतलं होतं. आधी फासे किती, 'डी'च्या पुढे फासा किती बाजूंचा, आणि अधिकनंतरचं ते आपलं, हुन्नराचं. नशीब कसंही पडो, ते कोणी काढून घेत नाही. "यात काय मोठं," त्या म्हणाल्या होत्या, "दोन फाशांचं असतं तर सुरुवातीला दोन लिहिलं असतं."

वीस बाजूंचा खरा फासा मात्र धुळ्याला माहेरी राहिला होता. राहिला कसला, विधीनेच तो कपाटात ठेवून दिला होता. उन्हाळ्यात दुसऱ्यांदा पोटातलं राहिलं नाही, तेव्हा ती विश्रांतीला माहेरी गेली आणि येताना खेळ, मैत्रिणी, हसणं, सगळं तिथेच ठेवून आली. हेमांगीचे फोनही उचलेना. शेवटी झमकूबाईंनीच हेमांगीला फोन लावला. "तिला बोलाव बाई. काय खेळायचं ते खेळा." मग त्यांनी बायकांच्या किटी पार्टीची हाउजीची पिशवी काढली, त्यातल्या एक ते वीस सोंगट्या ठेवल्या आणि बाकीच्या डब्यात भरल्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं होतं, सगळं ठीक आहे, घाबरायचं कारण नाही, पुन्हा विचार असेल तर एकदा येऊन भेटा. त्या भेटीची वेळ विधीने दोनदा पुढे ढकलली होती. आता बुधवारची होती. घरात कोणी विषय काढत नव्हतं. नवरा, रोनक, मुकाट दुकानात जायचा. झमकूबाईंना तर पर्युषणातले उपवास सोपे वाटत, हे गप्प राहणं नव्हे.

"आता शेवटचं," हेमांगी म्हणाली. "हुकलं तर थेट खाली."

विधीचा हात मांडीवरच राहिला.

"राहू दे हेमा. तिसऱ्यांदाही तेच निघणार."

ते तिने इतकं हळू म्हटलं, की झमकूबाईंनी पिशवी खाली ठेवली. सून किल्ल्याबद्दल बोलत नाही, हे कळायला त्यांना फासा लागत नव्हता. त्या मूळच्या पिंपळनेरच्या. वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून तोंडात बसलेली अहिराणी जीव कासावीस झाला की आपोआप बाहेर यायची.

"तेच कसं निघी? दोन आन चार तर हाई बाहेर शेतस." त्यांनी गादीवर ओळीत मांडलेल्या सोंगट्या दाखवल्या. "आते आत चांगलाच राह्यनात."

विधीला हसू आलं. "मम्मीजी, ही हाउजी नाही. निघालेला आकडा परत टाकायचा. फाशाला मागचं काही आठवत नसतं. दर वेळी वीसच्या वीस आत."

"मागे काय पडलं, ते त्याला ठाऊकच नसतं?"

"नाही."

"दोनदा वाईट पडलं, तरी?"

"तरी."

"मग तिसऱ्यांदा तेच पडणार, हे तू कुठून आणलंस?"

विधीने गादीवरच्या त्या दोन सोंगट्यांकडे पाहिलं.

"तसं नाही म्हणता येत," विधी म्हणाली. "खरंच नाही म्हणता येत, मम्मीजी." डोळे भरून आले, आणि या वेळी ते पुसायला ती आत पळाली नाही.

झमकूबाईंनी गादीवरच्या सोंगट्या गोळा केल्या, हात पिशवीत घातला आणि ती पुन्हा घुसळली.

"घे. बठ्ठा आत, वीसच्या वीस. काढ."

अकरा निघाले.

"अधिक तीन!" झमकूबाई कोणाच्याही आधी ओरडल्या. पलीकडे हेमांगीने किंचाळत वाटाडीला किल्ल्यावर पोचवलं.

संध्याकाळी विधीने रोनकला बुधवारी सुट्टी घ्यायला सांगितलं. सासरे चंपालाल रात्री एक फुलका जास्त जेवले आणि भाजी छान झाली म्हणाले. भाजी रोजचीच होती.

बुधवारी दवाखान्याच्या बाकावर तिघं ओळीने बसले. रोनक उगाच भिंतीवरचे फलक वाचत होता. झमकूबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. त्या सावरून बसल्या, तशी पदराची गाठ बाकावर खटकन आपटली.

"काय आहे त्यात?" विधीने विचारलं.

"काही नाही. सुटे पैसे शेतस."

विधीने पदर हातात घेतला. गाठीत दोन चपट्या, गोल, लाकडी सोंगट्या बोटांना लागल्या. तिने सासूकडे पाहिलं. झमकूबाई समोरच्या दाराकडे एकटक बघत होत्या.

आतून विधीच्या नावाचा पुकारा झाला. उठण्याआधी तिने सैल होत आलेली ती गाठ नीट आवळली आणि पदर परत त्यांच्या मुठीत दिला.