राहण्यास अयोग्य

आमच्या खोलीची मागची भिंत बारा वर्षं ओली होती. वरच्या न्हाणीघराचं पाणी आतल्या आत झिरपायचं. काळी बुरशी धरायची, मी घासायची, पुन्हा धरायची. पण आल्यागेल्याच्या नजरेला ती मी कधी पडू दिली नाही. माझं घर बघून कुणी नाक मुरडलेलं मला खपत नाही.

नात सहा वर्षांची. छाती शिट्टीसारखी वाजायची. पंप ओढल्याशिवाय शाळेचा जिना चढवायचा नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तोंडावर सांगितलं, "आजी, औषध मी देईन. पण पोर त्याच भिंतीशी निजतेय. कोरडं घर बघा." त्यांनीच अर्ज भरून दिला. कमी भाड्याची नवी घरं तयार होती. ज्यांची खोली राहण्याजोगी नाही, त्यांना आधी. तपासनीस बघायला येणार, असं पत्र आलं.

परका माणूस घर बघणार म्हटल्यावर मला कुठला धीर! सून कामावर गेली तशी भिंत खरवडली, रंगाचे दोन हात दिले, उरलेल्यावर कपाट सरकवलं.

तपासनीस आला, पोरसवदाच होता. म्हणाला, "छान ठेवलंय घर, आजी." मी अशी फुगले! त्यानं दाखवलं तिथं सही केली. काय लिहिलंय ते विचारलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सुनेनं वाचलं : खोली कोरडी व सुस्थितीत, अर्ज नामंजूर. तिनं भिंतीकडे बघितलं. रंगाचे पापुद्रे सुटायला लागले होते.

"रंग कुणी दिला, आई?"

"मग काय घाणेरडं घर दाखवू लोकांना?"

"तेच तर दाखवायचं होतं! तुमच्या तोऱ्यापायी माझी पोर तडफडतेय."

एरवी तिच्या एका शब्दाला माझे चार. त्या दिवशी उठून बाहेर पडले.

शेजारच्या शिंपिणीकडे जाऊन बसले. तिचाही अर्ज फेटाळलेला.

"तुझी भिंत तर माझ्याहून वाईट. दाखवली नाहीस?"

"तुमचं बघूनच झाकली, मावशी. म्हटलं, यांचं एवढं लखलखीत, आपलीच लाज कशाला उघडी टाका?"

गल्लीत आठ खोल्या. आठही कागदावर कोरड्या. आणि सकाळी दवाखान्याच्या बाकावर आमच्याच पोरांची रांग.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "सही तुमचीच ना?"

"माझीच. आणि भिंत झाकली तीही मीच. पुन्हा माणूस पाठवा. नाहीतर मी इथून हलत नाही."

तिसऱ्या हेलपाट्याला तोच पोरगा परत आला. कपाट मी आधीच अंगणात काढलं होतं. सगळी गल्ली दारात उभी. त्यानं भिंतीला तळहात लावला. ओला, काळा होऊन निघाला.

तो लिहायला लागला. म्हटलं, "या खेपेला वाचून दाखव."

"राहण्यास अयोग्य."

बारा वर्षं घासलेलं घर ते. पण म्हटलं, "ठळक लिही, बाबा." मग त्याला शिंपिणीच्या दारात नेलं. तिथून पुढच्या, तिथून पुढच्या.

पहिली यादी तोवर लागून गेली होती. आम्ही आठहीजण दुसरीत आलो. मधे चार महिने गेले. त्यात नात दोनदा नळ्या लावून पडली. दुसऱ्या वेळेला डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचली.

आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. भिंती कोरड्या, खिडकीतून वारा येतो. पोर धावत जिना चढते. दवाखान्याच्या बाकावर गल्लीतलं एखादंच पोर दिसतं, असं नर्सबाई म्हणतात.

सुनेनं त्या चार महिन्यांबद्दल मला एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर भांडले तरी असते.